कोपरातील अल्नर चेतासंपीडन

कोपरातील अल्नर चेतासंपीडन म्हणजे हाताच्या करंगळीच्या बाजूने जाणाऱ्या अल्नर या चेतेवर कोपरापाशी दाब पडून किंवा ताण येऊन उद्भवणारा विकार होय. वैद्यकीय व्यवहारात तो 'क्यूबिटल टनेल सिंड्रोम' या नावाने ओळखला जातो. करंगळी आणि अनामिकेचा करंगळीकडील अर्धा भाग यांत मुंग्या येणे व बधिरता जाणवणे ही त्याची सुरुवातीची लक्षणे होत. दाब दीर्घकाळ टिकल्यास पंजातील लहान स्नायू दुबळे होतात व पुढे झिजतात. चेतेवर दाब पडून हातात होणाऱ्या विकारांमध्ये मनगटातील 'कार्पल टनेल सिंड्रोम'च्या खालोखाल याचे प्रमाण आढळते.

हा विकार अनेकदा वेदनेपेक्षा बधिरतेने प्रकट होतो आणि आरंभी ही बधिरता येऊन-जाऊन असते. त्यामुळे त्याकडे दुर्लक्ष होते. केवळ बधिरता असतानाच कारण ओळखले गेले तर साध्या उपायांनीही तो पुष्कळदा आटोक्यात येतो. स्नायू झिजल्यानंतर मात्र शस्त्रक्रिया करूनही गेलेली शक्ती पूर्णपणे परत येईल, याची खात्री राहत नाही. भारतात या विकाराचा विचार करताना कुष्ठरोगाची शक्यता स्वतंत्रपणे तपासावी लागते. कारण कुष्ठरोगात सर्वाधिक वेळा बाधित होणाऱ्या चेतांमध्ये कोपरापाशी असलेली अल्नर चेता अग्रस्थानी आहे.

नाव व संज्ञा

'चेता' हा शब्द येथे मेंदू व मेरुरज्जू यांचा शरीराच्या इतर भागांशी संपर्क साधणाऱ्या चेतातंतूंच्या जुडग्यासाठी वापरला आहे. बोलीभाषेत तिला 'नस' किंवा 'शीर' असे म्हणतात. परंतु हेच शब्द रक्तवाहिनीसाठीही वापरले जात असल्याने 'नस दबली' या वाक्प्रयोगाचा अर्थ संदिग्ध राहतो. या विकारात दबते ती चेता, रक्तवाहिनी नव्हे.

अग्रबाहूमध्ये, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात, दोन हाडे असतात. त्यांपैकी करंगळीच्या बाजूच्या हाडास अल्ना असे म्हणतात. त्यावरून त्या बाजूने जाणाऱ्या चेतेस अल्नर हे नाव पडले. 'क्यूबिटल' हे विशेषण कोपर या अर्थाच्या 'क्यूबिटस' या लॅटिन शब्दापासून आले आहे. प्राचीन काळी अनेक संस्कृतींत वापरले जाणारे 'क्यूबिट' हे लांबीचे मापही याच शब्दावरून ओळखले जाते. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर म्हणजे एक क्यूबिट. मराठीतील 'हात' हे जुने मापही याच अंतरावर आधारलेले आहे.

शरीररचना

चेतेचा मार्ग

अल्नर चेतेतील तंतू मुख्यतः मानेतील आठव्या व छातीतील पहिल्या मेरुचेतेपासून येतात. मानेच्या तळाशी आणि काखेत असलेल्या चेताजालातून बाहेर पडल्यावर ही चेता दंडाच्या आतील बाजूने खाली उतरते. दंडात ती कोणत्याही स्नायूला शाखा देत नाही. दंडाच्या खालच्या भागात ती स्नायूंमधील एक पडदा ओलांडून मागच्या बाजूस येते.

कोपराच्या आतील बाजूस हाताला लागणारा टणक उंचवटा हा दंडाच्या हाडाचा भाग असतो. हा उंचवटा आणि कोपराचे मागील टोक यांच्यामधील खोबणीतून अल्नर चेता जाते. खोबणीच्या तळाशी सांध्याचे आवरण व आतील अस्थिबंध असतो, तर वरच्या बाजूस तंतुमय पट्ट्याचे छत असते. या पट्ट्यास ऑस्बोर्नचा पट्टा असे म्हणतात. अशा रीतीने बनलेला अरुंद मार्ग म्हणजेच क्यूबिटल टनेल होय. त्यातून पुढे गेल्यावर चेता मनगट वाकवणाऱ्या एका स्नायूच्या दोन मुळांमधून अग्रबाहूत शिरते.

खोबणीच्या भागात चेता व त्वचा यांच्यामध्ये स्नायूंचे जाड आच्छादन नसते. कोपर दाराच्या चौकटीवर किंवा बाकाच्या कडेवर आपटले की करंगळीपर्यंत वीज चमकून गेल्यासारखी कळ येते, ती याचमुळे. ही कळ हाडाची नसून हाडावर आपटलेल्या चेतेची असते.

चेतेची कार्ये

अल्नर चेता संवेदना व हालचाल अशी दोन्ही कार्ये करते. करंगळी, अनामिकेचा करंगळीकडील अर्धा भाग आणि त्यांना लागून असलेला तळहाताचा व हाताच्या पाठीचा भाग यांची संवेदना तिच्यामार्फत मेंदूकडे पोहोचते. हाताच्या पाठीकडे जाणारी तिची शाखा मनगटाच्या काही सेंटिमीटर आधीच मूळ चेतेपासून वेगळी होते. चेता नेमकी कोठे दबली आहे हे ठरवताना ही बाब उपयोगी पडते.

अग्रबाहूमध्ये ती मनगट करंगळीच्या बाजूस वाकवणाऱ्या स्नायूला, तसेच अनामिका व करंगळी यांची टोके वाकवणाऱ्या स्नायूच्या भागाला चालना देते. पंजातील बहुतेक लहान स्नायूही तिच्याच अधीन असतात. बोटे एकमेकांपासून दूर नेणारे व जवळ आणणारे स्नायू, करंगळीच्या मुळाशी असलेले मांसल स्नायू आणि अंगठा तर्जनीकडे दाबून धरणारा स्नायू हे त्यांतील प्रमुख होत. किल्ली फिरवणे, सदऱ्याचे बटण लावणे, सुईत दोरा ओवणे, लेखणी स्थिर धरणे, वाद्य वाजवणे अशा नाजूक क्रियांमध्ये या स्नायूंचा वाटा मोठा असतो.

विकार कसा निर्माण होतो

कोपराचा सांधा ज्या अक्षाभोवती फिरतो, त्या अक्षाच्या मागून अल्नर चेता जाते. त्यामुळे कोपर वाकवले की तिला अधिक लांबीचा मार्ग घ्यावा लागतो आणि ती काही मिलिमीटर ताणली जाते. त्याच वेळी खोबणीवरचा तंतुमय पट्टाही ताणला जातो, बोगद्याचा गोलसर आकार चपटा होतो आणि आतील जागा कमी होऊन दाब वाढतो. कोपर वाकवण्याच्या एकाच क्रियेत चेतेवर ताण व दाब असे दोन्ही परिणाम होतात. निरोगी चेता हे सहज सहन करते. कारण वाकवणे अल्पकाळ असते आणि हात सरळ होताच चेता पूर्ववत होते.

दाब वारंवार किंवा दीर्घकाळ राहिल्यास प्रथम चेतेच्या आतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील रक्तप्रवाह मंदावतो. या टप्प्यावर मुंग्या येतात आणि हात सरळ केल्यावर थांबतात. पुढे चेतेला सूज येते आणि तंतूंवरील मायलिन नावाचे आवरण झिजू लागते. परिणामी संदेशवहनाचा वेग घटतो. दाब तसाच राहिला तर अखेर मूळ तंतूच नष्ट होतात. मायलिनची झीज काही आठवड्यांत वा महिन्यांत भरून येऊ शकते. नष्ट झालेला तंतू मात्र कोपरापासून पुन्हा वाढत यावा लागतो आणि त्याची वाढ दिवसाला सुमारे १ मिलिमीटर इतकीच असते. उपचारास झालेला विलंब या विकारात का महाग पडतो, याचे उत्तर या फरकात आहे.

कारणे व जोखमीचे घटक

अनेक रुग्णांमध्ये कोणतेही एक निश्चित कारण सापडत नाही. पुढील घटकांमुळे विकाराची शक्यता वाढते :

• सवयी व स्थिती : कोपर वाकवून फोन दीर्घकाळ कानाशी धरणे, कोपर टेबलावर वा वाहनाच्या खिडकीच्या कडेवर टेकवून ठेवणे, हात उशाखाली दुमडून झोपणे.
• व्यवसाय व खेळ : कोपर सतत वाकलेले ठेवावे लागणारी कामे, कंप पावणाऱ्या यंत्रांवरील कामे आणि जोराने फेकण्याचे खेळ. व्हायोलिनसारखे वाद्य वाजवताना डावे कोपर दीर्घकाळ वाकलेले राहते.
• जुना अस्थिभंग : बालपणी कोपराच्या बाहेरील बाजूचे हाड मोडून ते नीट जुळले नाही, तर हाताला बाहेरच्या दिशेने बाक येतो. वाढत्या वयाबरोबर चेता ताणली जाते आणि मूळ दुखापतीनंतर अनेक वर्षांनी लक्षणे दिसू लागतात.
• सांध्याचे विकार : संधिवात, हाडाची वाढलेली टोके, सांध्याच्या आवरणाची सूज, द्रवाने भरलेली गाठ.
• रचनेतील भेद : काही व्यक्तींत खोबणीवर एक अधिकचा लहान स्नायू आढळतो. काहींमध्ये कोपर वाकवताना चेता उंचवट्यावरून पुढे सरकते व पुन्हा मागे येते. अशी सरकणारी चेता निरोगी व्यक्तींतही आढळते. तेवढ्यावरून विकार ठरत नाही.
• इतर आजार : मधुमेहासारख्या आजारांत चेता आधीच नाजूक झालेल्या असतात आणि अल्प दाबानेही त्यांना इजा पोहोचते.
• दीर्घ शय्याग्रस्तता व भूल : अंथरुणाला खिळलेल्या किंवा भूल दिलेल्या रुग्णाला मुंग्यांचा इशारा मिळत नाही किंवा हात हलवता येत नाही. यासाठी शस्त्रक्रियेच्या वेळी कोपराखाली मऊ गादी ठेवण्याची पद्धत आहे.

लक्षणे

सर्वप्रथम करंगळी व अनामिका यांत मुंग्या येऊ लागतात. रात्री झोपेतून जाग येणे, फोनवर बोलताना किंवा वाचताना बोटे बधिर होणे आणि हात सरळ करून झटकल्यावर बरे वाटणे हा क्रम पुष्कळांत दिसतो. कोपराच्या आतील बाजूस दुखणे किंवा तेथून करंगळीकडे जाणारी कळ असू शकते. परंतु ती असतेच असे नाही.

पुढच्या टप्प्यात बधिरता कायम राहू लागते. बधिर भागाला उष्णतेचा किंवा टोचण्याचा बोध होत नाही. त्यामुळे तव्याच्या कडेचा चटका किंवा लहानशी जखम वेळीच लक्षात येत नाही.

त्यानंतर शक्ती घटते. हातातून वस्तू निसटतात, बरणीचे झाकण उघडत नाही, कुलपात किल्ली फिरवणे कठीण जाते, अक्षर बिघडते. करंगळी इतर बोटांजवळ येत नाही आणि खिशात हात घालताना बाहेरच अडकते. अंगठा व तर्जनी यांच्यामधील मांसल भाग हाताच्या पाठीकडून पाहिल्यास खोलगट दिसू लागतो. दोन्ही हात शेजारी ठेवून पाहिल्यास हा फरक स्पष्ट होतो. शेवटच्या टप्प्यात अनामिका व करंगळी मुळाशी मागे वळतात आणि मधल्या पेरांत वाकतात. या विकृतीस पंजाकृती हात म्हणता येईल.

या विकृतीबाबत एक विरोधाभास सांगितला जातो. चेता मनगटापाशी बाधित झाल्यास बोटे अधिक वाकडी दिसतात. कोपरापाशी बाधित झाल्यास तुलनेने कमी. कोपरापाशी झालेल्या इजेत बोटांची टोके वाकवणारा स्नायूही दुबळा होतो, म्हणून बाक कमी दिसतो. बाक कमी आहे एवढ्यावरून इजा सौम्य मानणे चुकीचे ठरते. चेता बरी होत असताना या स्नायूत प्रथम शक्ती येते आणि बोटांचा बाक काही काळ वाढल्यासारखा भासतो.

तपासणी व निदान

निदानाचा पाया म्हणजे रुग्णाची हकीकत आणि हाताची प्रत्यक्ष तपासणी. त्यातील नेहमीच्या चाचण्या अशा :

• टिनेल चिन्ह : खोबणीवर हलकेच टिचकी मारल्यास करंगळीत झिणझिण्या येतात. निरोगी व्यक्तींतही असे घडू शकत असल्याने दोन्ही बाजूंची तुलना करतात.
• कोपर-वाकवणी चाचणी : कोपर पूर्ण वाकवून काही वेळ धरल्यास लक्षणे उद्भवतात.
• फ्रोमां चिन्ह : अंगठा व तर्जनी यांच्या कडांमध्ये कागद धरून तो ओढला असता, अंगठा दाबून धरणारा स्नायू दुबळा असल्यास रुग्ण अंगठ्याचे टोक वाकवून कागद धरून ठेवतो. अंगठ्याचे टोक वाकवणारा स्नायू मीडियन या दुसऱ्या चेतेवर चालतो. दुबळ्या स्नायूची उणीव तो भरून काढतो.
• बोटे ओलांडण्याची चाचणी : मधले बोट तर्जनीवर चढवता येते का, हे पाहतात.

चेतावहन चाचणीत त्वचेवरून सौम्य विद्युत्स्पंद देऊन चेतेतून संदेश किती वेगाने जातो हे मोजतात. कोपराच्या भागातील वेग दर सेकंदास ५० मीटरपेक्षा कमी असणे, किंवा अग्रबाहूतील वेगाच्या तुलनेत तो सेकंदाला १० मीटरपेक्षा अधिक घटणे, हे कोपरापाशी अडथळा असल्याचे लक्षण मानले जाते. स्नायूंच्या विद्युत्तपासणीने, म्हणजे ईएमजीने, तंतूंचा नाश किती झाला आहे याचा अंदाज येतो. सुरुवातीच्या टप्प्यात चेतावहन चाचणी निर्दोष येऊ शकते. त्यामुळे केवळ तिच्यावरून विकार नाही असा निष्कर्ष काढत नाहीत.

सोनोग्राफीत चेतेची जाडी, तिचे सरकणे आणि जवळची गाठ दिसू शकते. क्ष-किरण चित्रात जुना अस्थिभंग किंवा हाडाची वाढ कळते. आवश्यक वाटल्यास एमआरआय करतात.

तीव्रतेचे वर्गीकरण

मॅकगोवन यांनी १९५० मध्ये मांडलेले तीन श्रेणींचे वर्गीकरण आजही प्रचलित आहे. पहिल्या श्रेणीत केवळ संवेदनेची लक्षणे असतात. दुसरीत पंजातील लहान स्नायूंचा दुबळेपणा आढळतो. तिसरीत हे स्नायू ठळकपणे झिजलेले व जवळजवळ निकामी झालेले असतात. उपचाराची निवड आणि सुधारणेची अपेक्षा या दोन्ही गोष्टी श्रेणीनुसार बदलतात.

सारखी लक्षणे असणारे विकार

करंगळीतील बधिरतेचे मूळ मान, काख, कोपर किंवा मनगट यांपैकी कोठेही असू शकते. मानेतील मणक्यांपाशी आठवी मेरुचेता दबल्यास मानेची हालचाल केल्यावर लक्षणे वाढतात आणि बधिरता अग्रबाहूच्या आतील बाजूसही असते. अल्नर चेता अग्रबाहूच्या त्वचेची संवेदना वाहत नसल्याने हा फरक निर्णायक ठरू शकतो. मनगटाजवळच्या गियों कालव्यात अल्नर चेता दबल्यास हाताच्या पाठीची संवेदना शाबूत राहते. सायकलची मूठ दीर्घकाळ दाबून धरणाऱ्यांत हा प्रकार आढळतो. कार्पल टनेल सिंड्रोममध्ये अंगठा, तर्जनी व मधले बोट बधिर होते आणि करंगळी बहुधा सुटते. संवेदना पूर्ण शाबूत असून केवळ स्नायू झिजत असतील, तर चेतापेशींच्या इतर आजारांचा विचार करावा लागतो. फुफ्फुसाच्या शिखरावरील गाठीमुळेही क्वचित अशी लक्षणे उद्भवतात.

बी-१२ जीवनसत्त्वाच्या अभावातही मुंग्या येतात. मात्र त्या बहुधा दोन्ही पायांपासून सुरू होतात. एकाच हाताच्या दीड बोटात आखीवपणे असलेली बधिरता त्या अभावाशी सहसा जुळत नाही. मुंग्यांवर परस्पर जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेत राहिल्यास चेतेवरील दाब दूर होत नाही आणि मौल्यवान काळ मात्र निघून जातो.

डाव्या हाताच्या करंगळीतील मुंग्यांमुळे अनेकांना हृदयविकाराची शंका येते. कोपराच्या स्थितीनुसार बदलणारी व बोटांपुरती मर्यादित लक्षणे चेतेकडे निर्देश करतात. छातीत दडपण, घाम, धाप किंवा जबड्यापर्यंत जाणारे दुखणे यांपैकी काही असल्यास मात्र ती आणीबाणी समजून तत्काळ रुग्णालयात जाणे आवश्यक असते.

कुष्ठरोग आणि अल्नर चेता

कुष्ठरोगाचे जंतू चेतांमध्ये शिरतात आणि शरीराच्या तुलनेने थंड भागांत अधिक वाढतात. कोपराच्या वरच्या बाजूस त्वचेलगत असलेली अल्नर चेता त्यांना अनुकूल ठरते. ती सुजून दोरीसारखी जाड होते आणि खोबणीच्या किंचित वर बोटांना चाचपता येते. सुजलेली चेता अरुंद बोगद्यात आणखी दबते. अशा प्रकारे संसर्ग व संपीडन एकमेकांस पूरक होतात. कधी वेदना न होताच चेतेची शक्ती हळूहळू नाहीशी होते.

भारताने २००५च्या अखेरीस दर १०,००० लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण ही राष्ट्रीय पातळी गाठल्याचे जाहीर केले. परंतु रोग संपलेला नाही. जगात दरवर्षी नोंदल्या जाणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतातील असतात आणि महाराष्ट्रातही, विशेषतः विदर्भाच्या पूर्वेकडील जिल्ह्यांत, नवे रुग्ण आढळतात. म्हणून करंगळी बधिर असलेल्या रुग्णाच्या अंगावर संवेदना नसलेला फिकट वा लालसर चट्टा आहे का, इतर चेता जाड झाल्या आहेत का, हे पाहणे अगत्याचे ठरते. काही रुग्णांत चट्टा मुळीच नसतो आणि केवळ चेताच बाधित असते.

कुष्ठरोग बहुविध औषधोपचाराने पूर्ण बरा होतो. ही औषधे शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात. चेतेची सूज कमी करण्यासाठी प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड औषधे वैद्यकीय देखरेखीखाली दिली जातात. शक्ती किंवा संवेदना जाऊन सहा महिन्यांहून कमी काळ लोटला असेल तर सुधारणेची शक्यता अधिक असते. कुष्ठरोग्याची वाकडी बोटे हे पूर्वी रोगाचे अटळ लक्षण समजले जाई. वस्तुतः ती चेतेच्या इजेचा परिणाम असतात आणि इजा वेळीच ओळखल्यास टाळता येतात. रोगाविषयीच्या सामाजिक लांच्छनामुळे रुग्ण तपासणीस उशिरा येतात आणि ज्या विकृतीची भीती वाटते तीच त्या विलंबातून ओढवते.

उपचार

शस्त्रक्रियेविना उपचार

लक्षणे सौम्य असून स्नायूंची शक्ती शाबूत असल्यास प्रथम चेतेला विश्रांती दिली जाते. कोपर टेकवणे व दीर्घकाळ वाकवून ठेवणे टाळणे, फोनसाठी इयरफोनचा वापर करणे, खुर्ची व टेबल यांची उंची बदलणे आणि टेकवावेच लागल्यास मऊ आधार घेणे हे त्यातील मुख्य उपाय आहेत. रात्री कोपर नकळत दुमडले जाते. म्हणून ते सुमारे ४५ अंशांपेक्षा अधिक वाकू नये अशी पट्टी बांधतात. मऊ टॉवेल कोपराभोवती सैलसर गुंडाळूनही हेच साधता येते. घट्ट बांधल्यास मात्र दाब वाढतो. भौतिकोपचारतज्ज्ञ चेता सहज सरकावी यासाठी काही हलके व्यायाम शिकवतात. हे उपाय काही आठवडे ते तीन महिने सातत्याने करावे लागतात. खोबणीवर जोराने मालिश करणे हानिकारक ठरू शकते. वेदनाशामक औषधांनी दुखणे कमी होते. दाब कमी होत नाही.

शस्त्रक्रिया

शक्ती घटू लागल्यास, बधिरता कायम राहिल्यास किंवा वरील उपायांनी गुण न आल्यास शस्त्रक्रियेचा विचार केला जातो. तिचे मुख्य प्रकार तीन आहेत. पहिल्यात चेता जागीच ठेवून तिच्यावरील तंतुमय पट्टा कापून ती मोकळी करतात. दुसऱ्यात चेता खोबणीतून काढून उंचवट्याच्या पुढे त्वचेखाली किंवा स्नायूखाली ठेवतात, म्हणजे कोपर वाकवल्यावर ती ताणली जात नाही. तिसऱ्यात हाडाच्या उंचवट्याचा काही भाग काढून टाकतात.

जागीच मोकळी करणे आणि पुढे हलवणे या दोन पद्धतींच्या तुलनात्मक अभ्यासांत हाताच्या कार्यातील सुधारणा सारखीच आढळली. चेता हलवण्यात जखमेच्या संसर्गाचे प्रमाण मात्र अधिक दिसले. म्हणून अनेक शल्यविशारद साधी पद्धत प्रथम निवडतात. चेता सरकत असल्यास किंवा हाताला बाक असल्यास दुसरी पद्धत उपयुक्त ठरते. जखमेजवळील त्वचा बधिर किंवा हुळहुळी होणे, व्रण दुखणे आणि लक्षणे पुन्हा उद्भवणे या संभाव्य अडचणी होत.

स्नायू बऱ्याच प्रमाणात निकामी झाल्यास निरोगी चेतेची शाखा मनगटाजवळ अल्नर चेतेला जोडण्याची, किंवा चांगल्या स्नायूची कंडरा वळवून बोटांचा बाक सुधारण्याची शस्त्रक्रिया करता येते.

सुधारणेची अपेक्षा

शस्त्रक्रियेनंतर रात्रीच्या मुंग्या व वेदना बहुधा लवकर थांबतात. संवेदना परतण्यास काही महिने लागतात. कोपरापासून पंजातील स्नायूंपर्यंतचे अंतर प्रौढ व्यक्तीत सुमारे ३० सेंटिमीटर धरल्यास, दिवसाला १ मिलिमीटर या गतीने तंतूला तेथे पोहोचण्यास जवळजवळ दहा महिने लागतात. चेतेशी संबंध तुटलेला स्नायू साधारण एक ते दीड वर्षानंतर नव्या तंतूचा स्वीकार करण्यास असमर्थ ठरतो. झीज होऊन मोठा काळ लोटलेल्या रुग्णांत शस्त्रक्रियेचा हेतू पुढील हानी थांबवणे हा असतो आणि याची कल्पना रुग्णास आधीच दिली जाते. वाढते वय व मधुमेह यांमुळे सुधारणा मंदावते.

बधिर राहिलेल्या हाताची रोज पाहणी करणे, गरम भांडी उचलताना जाड कापड वापरणे आणि ताठरलेली बोटे हलक्या हाताने सरळ करत राहणे यांमुळे जखमा व सांध्यांचा आखडलेपणा टाळता येतो.

इतिहास

बालपणीच्या अस्थिभंगानंतर अनेक वर्षांनी होणारा अल्नर चेतेचा दुबळेपणा पानास यांनी १८७८ मध्ये वर्णिला. कर्टिस यांनी १८९८ मध्ये चेता पुढे हलवून त्वचेखाली ठेवण्याच्या शस्त्रक्रियेचा वृत्तान्त दिला. पहिल्या महायुद्धात हातांना झालेल्या असंख्य जखमांमुळे चेतांच्या अभ्यासाला चालना मिळाली. ज्यूल टिनेल व ज्यूल फ्रोमां या फ्रेंच चेताविशारदांनी आपापल्या नावाने प्रसिद्ध असलेली चिन्हे १९१५ मध्ये मांडली. चेता स्नायूखाली ठेवण्याची पद्धत लर्मंथ यांनी १९४२ मध्ये सांगितली. ऑस्बोर्न यांनी १९५७ मध्ये तंतुमय पट्ट्याकडे लक्ष वेधले आणि १९५८ मध्ये फाइंडेल व स्ट्रॅटफर्ड यांनी 'क्यूबिटल टनेल' ही संज्ञा रूढ केली.

कुष्ठरोगातील वाकड्या बोटांवरील शस्त्रक्रियेचा पाया मात्र भारतात घातला गेला. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पॉल ब्रँड यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस कंडरा वळवून कुष्ठरुग्णांच्या हातांना पुन्हा पकड मिळवून दिली. महाराष्ट्रात नोशिर अंतिया यांनी पुण्याजवळील कोंढवा येथे आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात सुघटनशल्याच्या साहाय्याने कुष्ठरुग्णांच्या विकृती सुधारण्याचे कार्य केले. बोटे वाकतात ती चेतेच्या इजेमुळे आणि संवेदना गेल्याने ती झिजतात व जखमी होतात, ही समज या कार्यामुळे दृढ झाली. आणि चेतेची नियमित तपासणी हा कुष्ठरोगाच्या उपचाराचाच एक भाग बनला.